फिनिश, जर्मन, डच शिकण्याचा लॉग, महिना १४: रानात चालतेय, रानात चाललेय

या दीड महिन्यात नवीन शब्द फार घेतले नाहीत, मुद्दामच. त्याऐवजी एक दोनशेपानी वही काढली, पानावर चार रकाने आखले, मराठी, फिनिश, जर्मन, डच, आणि रोज एकच वाक्य चारही रकान्यांत लिहायचं असं ठरवलं. काल ४१ वं झालं. जर्मन मला शाळेत आठवीपासून होतं, डच इथे नेदरलँड्समध्ये आइंडहोव्हनला राहायला आल्यापासून कानावर पडतंय, आणि फिनिश मात्र निव्वळ आवड म्हणून, पण सध्या जीव सगळ्यात जास्त त्यातच रमलाय.

ज्या वाक्यावर मी चार दिवस अडकून बसले ते हे: मी रानात चालतेय, मी रानात चाललेय. पहिल्यात मी रानातच आहे आणि फिरतेय, दुसऱ्यात मी बाहेर आहे आणि तिकडे निघालेय. आता चार रकाने बघा. फिनिशमध्ये रान म्हणजे मेत्सॅ, पहिल्यात मेत्सॅस्सॅ आणि दुसऱ्यात मेत्सॅऽन, म्हणजे सरळ दोन वेगळ्या विभक्ती (लांब स्वरासाठी मी अवग्रह टाकतेय, दुसरं काही सुचलं नाही). जर्मनमध्ये वाल्ट हा शब्द तसाच राहतो, फरक पडतो आर्टिकलमध्ये (नामाआधी येणारा, इंग्रजी 'द'सारखा शब्द), आत असाल तर डेटिव्ह ही विभक्ती, इम वाल्ट, आत जात असाल तर अक्युझेटिव्ह ही विभक्ती, इन डेन वाल्ट. डचमध्ये विभक्ती उरलेलीच नाही त्यामुळे त्यांनी शब्दांची जागाच बदलली, इक लोप इन हेट बॉस म्हणजे रानात फिरतेय, आणि इक लोप हेट बॉस इन म्हणजे रानात शिरतेय, ते 'इन' उचलून शेवटी नेलं की झालं. आणि आपल्याकडे? 'रानात' दोन्हीकडे तेच, सगळा भार क्रियापदावर, चालतेय आणि चाललेय, त आणि ल एवढाच फरक. मी आयुष्यभर हे बोलतेय आणि माझ्या कधी लक्षातच आलं नव्हतं! त्या दिवशी पान भरल्यावर उठावंसंच वाटेना.

फिनिशच्या १५ विभक्ती ऐकल्या की लोक हातच लावत नाहीत, पण मला वाटतं मराठी माणसाने अजिबात घाबरू नये. त्यातल्या सहा जागेच्या आहेत आणि त्या दोन संचांत बसतात, 'आत'चा एक आणि 'वर'चा एक, आणि प्रत्येकात आहे, निघालं, गेलं असे तीन. तालोस्सा घरात, तालोस्ता घरातून, तालोऽन घरात (शिरताना). टेबलाचं तसंच, पॉयदॅल्लॅ टेबलावर, पॉयदॅल्तॅ टेबलावरून, पॉयदॅल्ले टेबलावर (ठेवताना). याच 'वर'च्या विभक्तीने ते मालकीही सांगतात, मिनुल्ला ऑन आउतो, माझ्याकडे गाडी आहे, इंग्रजीतल्या हॅवसारखं क्रियापद त्यांच्याकडेही नाही आणि आपल्याकडेही नाही.

आणि सामान्यरूप! पाणी पण पाण्यात, आपण 'पाणीत' म्हणत नाही. फिनिशमध्ये पाणी म्हणजे वेसी आणि पाण्यात म्हणजे वेदेस्सॅ, प्रत्यय लागायच्या आधी मूळ शब्द बदलतो. हात म्हणजे कॅसी, हातात कॅदेस्सॅ. भाषा पूर्णपणे वेगळ्या कुळातली, तरी हे वळण मला ओळखीचं वाटतं. एक गोष्ट मात्र आपल्याकडे नाही, तिथे विशेषणालाही तोच प्रत्यय लागतो, इसोस्सा पुनाइसेस्सा तालोस्सा, म्हणजे जणू 'मोठ्यात लालात घरात'. आपण 'मोठ्या लाल घरात' म्हणून मोकळे.

चुकले कुठे तेही लिहिते. माझी फिनिश बोलायच्या सरावाची पार्टनर आणि मी रविवारी व्हिडिओ कॉलवर बोलतो, मी तिला सांगत होते की किल्ल्या टेबलावर सापडल्या, मी म्हटलं लॉयसिन आवाइमेत पॉयदॅल्लॅ. तिने थांबवलं, शेजारची किल्ली टेबलावर ठेवली, मग हळूच उचलून स्वतःकडे आणली आणि म्हणाली, पॉयदॅल्तॅ. म्हणजे सापडणं हे त्यांच्यासाठी 'तिथून' होतं, टेबलावरून सापडलं, रानातून सापडलं. तिची ती उचललेली किल्ली आता डोक्यात पक्की बसलीये. दुकानातून घेतलं हे आपल्यासारखंच आहे, काउपास्ता, पण सापडणं वेगळं. आणि आवडणंसुद्धा 'तून' घेतं, पिदॅन काहविस्ता, शब्दशः कॉफीतून आवडतं.

आता लिंग. फिनिशमध्ये नाहीच, तो आणि ती दोघांनाही हॅन, त्यामुळे गोष्ट वाचताना पानभर कळतच नाही की माणूस आहे की बाई, मराठीत लिहायला घेतलं की क्रियापदापाशी लगेच अडायला होतं. जर्मनमध्ये आपल्यासारखी तीन, आणि मेडशन म्हणजे मुलगी नपुंसकलिंगी, याचं सगळ्यांना आश्चर्य वाटतं, कारण ते शेवटचं 'शन' लहानपण दाखवतं आणि ते लागलं की शब्द नपुंसक होतोच. मला त्याचं नवल वाटलं नाही कारण माझी आजी सावंतवाडीकडची, ती मला हाक मारताना नाही पण माझ्याबद्दल बोलताना 'ता चेडू इला' असंच म्हणायची. मालवणीत चेडू म्हणजे मुलगी, आणि नपुंसकलिंगी. शाळेत मेडशनचा नियम पाठ केला तेव्हा आजी आठवली नाही, या वहीत लिहिताना आठवली.

डचमध्ये स्त्रीलिंग पुल्लिंग बोलण्यात जवळजवळ एकच झालंय, दोघांना 'दे', नपुंसकाला 'हेट'. जर्मनवरून अंदाज करता येतो, दास बुख तर हेट बूक, दास हाउस तर हेट हाउस, पण पूर्ण विसंबू नका, जर्मन दास आउटो आणि डच दे आउटो, जर्मन डेअर वाल्ट आणि डच हेट वाउट. आर्टिकल पाठ केलं म्हणून सुटका नाही, ते विशेषणात परत येतं. मी शेजारच्या आजींना 'एन मोये हाउस' म्हटलं, त्या प्रेमाने म्हणाल्या 'मोय हाउस', कारण हेट शब्दाला 'एन' लागलं की विशेषणाचा शेवटचा स्वर गळतो. जुन्या विभक्तीचे तुकडे मात्र जागोजागी सापडतात, सकाळी या अर्थाचं 'स मोर्गन्स' किंवा हेग शहराचं जुनं नाव 'स-ग्राव्हनहागं', तो 'स' म्हणजे जुन्या षष्ठीतल्या 'देस'चा उरलेला शेपटा. असे तुकडे मी वहीच्या मागच्या पानावर जमवतेय, आतापर्यंत ११ झालेत.

आजचं वाक्य: चहात साखर घाल. जर्मन, टू त्सुकर इन डेन टे, अपेक्षेप्रमाणे अक्युझेटिव्ह. डच, दू साउकर इन दे थे, इथे 'इन' शेवटी गेलं नाही, का ते शेजारच्या आजींना विचारायचंय. फिनिश, लाइता सोकेरिआ तेऽहेन, चहाला 'आत जाण्या'ची विभक्ती आणि साखरेला पार्टिटिव्ह ही अंश दाखवणारी विभक्ती, कारण सगळी साखर नाही, थोडी. पुढचा महिना पार्टिटिव्हचाच.