निकेलचा अणू एकटा आहे, हे कशावरून?

माझे बालपण धाराशिव जिल्ह्यातील एका साखर कारखान्याजवळ गेले, आणि डिस्टिलरीत मळी आंबत असताना हवेत सुटणाऱ्या वायूचा हिशेब मला पुष्कळ उशिरा समजला. १८० ग्रॅम ग्लुकोजमधून ९२ ग्रॅम इथेनॉल आणि ८८ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघतो. हा वायू धुराड्यातील धुरापेक्षा कितीतरी शुद्ध असतो. विजेच्या साहाय्याने त्याचे कार्बन मोनॉक्साइड करावे, म्हणजे पुढे त्यापासून इंधने आणि रसायने घडवता येतील, या विचाराने मी संशोधनाचा विषय निवडला.

या विषयात मला सर्वांत विलक्षण वाटते ते निकेलचे वागणे. निकेलच्या पत्र्यावर तयार झालेला कार्बन मोनॉक्साइड इतका घट्ट चिकटून बसतो की पृष्ठभाग निकामी होतो आणि पाण्यातून केवळ हायड्रोजन निघत राहतो. परंतु त्याच निकेलचा सुटा अणू कार्बनच्या जाळीत नायट्रोजनच्या चार अणूंनी धरून ठेवला, तर तो कार्बन मोनॉक्साइडला सहज सोडून देतो, आणि खर्च झालेल्या विद्युतभारापैकी ९० टक्क्यांहून अधिक भार याच एका उत्पादनासाठी कामी आल्याची नोंद अनेक प्रयोगांत आहे. स्वतः खर्च न होता अभिक्रिया घडवणाऱ्या पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात; अशा सुट्या अणूंच्या उत्प्रेरकासाठी ‘एकल-अणू उत्प्रेरक’ ही संज्ञा २०११ मध्ये ताओ झांग आणि सहकाऱ्यांनी लोह ऑक्साइडवरील प्लॅटिनमच्या संदर्भात रूढ केली.

माझा पहिला नमुना मात्र फसला. झिंक आणि नायट्रोजनयुक्त सेंद्रिय रेणू यांच्या सच्छिद्र स्फटिकात निकेलचा क्षार मुरवून मी तो आर्गॉनमध्ये १००० अंश सेल्सिअसला भाजला होता. झिंक ९०७ अंशांना उकळते, त्यामुळे ते उडून जाते आणि निकेलचे अणू एकमेकांपासून दूर राहतात, अशी ही रीत आहे. तरीही गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे मिश्रणातील वायू वेगळे करून मोजणाऱ्या यंत्रावर, हायड्रोजनचेच शिखर उंच आले, कारण एकत्र आलेले निकेल विरघळवण्यासाठी आम्लाने धुण्याची पायरी मी घाईने उरकली होती आणि निकेलचे बारीक कण आत तसेच राहिले होते.

तेव्हापासून केवळ सूक्ष्मदर्शकाच्या चित्रावर मी विसंबत नाही. काळ्या पार्श्वभूमीवरील ठळक ठिपके जड अणूंचे असतात हे खरे, पण ते चित्र नमुन्याच्या अगदी कणभर भागाचे असते. क्ष-किरणांच्या शोषणाचा वर्णपट संपूर्ण नमुन्याची सरासरी सांगतो: निकेल आणि नायट्रोजन यांतील अंतर सुमारे १.९ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा एक हजार कोटीवा भाग) दिसावे, आणि धातूत आढळणारे निकेल-निकेलचे २.४९ अँगस्ट्रॉमचे अंतर दिसू नये. अर्थात थोडेसे कण सरासरीत लपूही शकतात, म्हणून माझ्या मते दोन्ही साक्षी एकत्र हव्यात.

आम्लात रात्रभर ठेवून धुतलेला दुसरा नमुना मी इंदूरच्या इंडस-२ सिंक्रोट्रॉनवर, म्हणजे प्रखर क्ष-किरण देणाऱ्या यंत्रावर, तपासून आणला, आणि त्यात निकेल-निकेलची खूण आढळली नाही. परंतु ती तपासणी कोऱ्या भुकटीची होती. कित्येक तास वीज वाहिल्यानंतरही ते अणू सुटेच राहतात की सरकून एकत्र येतात, हे त्यावरून ठरत नाही; म्हणून पुढच्या खेपेस वापरलेला इलेक्ट्रोडही सोबत नेणार आहे.