प्रायॉरिटी २५५, तरी डीआर जुनाच : माझा अनुभव

एका क्लायंटकडे एकाच व्हीलॅनवर (आभासी लॅन) पाच राउटर ओएसपीएफमध्ये (राउटरांनी एकमेकांना मार्ग कळवण्याचा प्रोटोकॉल) होते. एरिया, हॅलो टायमर, या सेटिंग्ज सगळ्या जुळलेल्या. अडलं ते डीआरपाशी, म्हणजे डेझिग्नेटेड राउटरपाशी. बाकीचे सगळे मार्गांची माहिती त्याच्याशी जुळवतात, आणि तो कोअर, म्हणजे मुख्य राउटर असायला हवा होता. वीज जाऊन आली, तेव्हा सगळ्यात लहान जुना राउटर आधी उठला. ४० सेकंद वाट पाहिली, कुणी दिसेना, म्हणून तोच डीआर झाला. पाठोपाठ उठलेला दुसरा जुना बीडीआर (बॅकअप डीआर). कोअर राउटर सावकाश बूट होतो. तो आला तेव्हा दोन्ही जागा भरलेल्या. त्याची प्रायॉरिटी (डीआर निवडताना ज्याचा आकडा मोठा तो जिंकतो) २५५, म्हणजे सर्वांत मोठी होती, पण ओएसपीएफ बसलेल्याला उठवत नाही. ओएसपीएफच्या मानकात, आरएफसी २३२८ मध्ये (१९९८) तसंच ठरलंय आणि ते योग्यच आहे, नाहीतर मोठी प्रायॉरिटी घेऊन कुणी आलं की सगळ्यांना नव्याने जुळवून घ्यावं लागलं असतं.

हे चेंज मंजूर करणाऱ्या टीमला पटवणं हेच खरं काम होतं. "प्रायॉरिटी दिलीय ना, मग होईल आपोआप!" त्यात कुणीतरी नेबर टेबलमध्ये (शेजारी राउटरांची यादी) टू-वे (एकमेकांना दिसतात, पण माहिती जुळवत नाहीत) पाहिलं आणि बिघाड म्हणून तिकीट उघडलं. डीआर-बीडीआर सोडून बाकीचे राउटर आपसांत टू-वेवरच थांबतात, फुल (माहिती पूर्ण जुळलेली) होतात ते फक्त त्या दोघांशी. पाच राउटरांत दहाऐवजी सातच जोड्या लागतात, डीआर असतो तो त्यासाठीच. मेलवर लिहिलं, फोनवर सांगितलं, आकृती काढून दिली. तरी प्रश्न तोच, "फुल कधी होणार?" अजून आठवलं की डोकं तापतं.

शेवटी रात्रीची वेळ मिळाली. डीआरवर थेट ओएसपीएफ प्रोसेस क्लिअर (रीस्टार्ट) करू नका. डीआर गेला की जागा बीडीआरला मिळते, मोठ्या प्रायॉरिटीवाल्याला नाही. मी आधी जुन्या बीडीआरच्या इंटरफेसवर प्रायॉरिटी ० केली (० म्हणजे डीआर-बीडीआरच्या निवडीतूनच बाहेर). तो बाजूला झाला, कोअर बीडीआर झाला. मग जुन्या डीआरवर ०. कोअर डीआर झालेला दिसला तेव्हा फार बरं वाटलं.

आणि हो, राउटर आयडी (ओएसपीएफमधली राउटरची ओळख) हाताने द्या. प्रायॉरिटी सारखी असली की मोठा आयडी जिंकतो, आणि सिस्कोवर तो दिला नाही तर लूपबॅकच्या (राउटरमधला आभासी इंटरफेस), ते नसेल तर इंटरफेसच्या सर्वांत मोठ्या आयपीवरून उचलला जातो. प्रायॉरिटी ० सगळीकडे देऊ नका, बीडीआर व्हायला कुणीतरी उरलं पाहिजे. त्या दोन जुन्या राउटरांवर मात्र ० तशीच ठेवलीय. पुन्हा वीज गेली आणि ते आधी उठले, तरी डीआर होणार नाहीत.