पंख्याचा स्विच: ८२ की ९२?

चतुर्थीच्या बाजाराला म्हापशात अडकलो आणि बाबांच्या जुन्या गाडीचा तापमानाचा काटा लाल पट्टीकडे सरकू लागला. पंखा ढिम्म. पाणी तापलं की पंखा सुरू करणारा स्विच रेडिएटरवर असतो; त्याची वायर काढून बॉडीला टेकवली, तर भर्रकन फिरला. म्हणजे मोटर ठीक, स्विच गेलेला.

दुकानदार म्हणाला, "बाब, ८२ चा न्या, गाडी थंडगार राहील." मोह झाला. पण आमचा थर्मोस्टॅटच, म्हणजे इंजिनातलं गरम पाणी रेडिएटरकडे सोडणारी झडप, ८२ अंशांना उघडायला लागतो. पंखाही तिथेच सुरू झाला, तर थांबायचं नाव घेणार नाही. ९२-८७ चा घेतला: ९२ ला चालू, ८७ ला बंद. मधले पाच अंश नसते तर पंखा सारखा चालू-बंद करत बसला असता. आटे मात्र जुना स्विच शेजारी धरूनच जुळवले.

बसवताना मेस्त्रीने टेफ्लॉन टेप काढली, मी हात धरला. एका वायरचा स्विच, त्याला अर्थिंग मिळतं ते आट्यांतूनच, टेप मध्ये आली तर तेच तुटायचं! गळती रोखायला तांब्याचा वॉशर पुरला.

परवा चोर्ला घाट चढून वर थांबलो, इंजिन चालूच ठेवलं. मिनिटभराने पंखा घरघरला. बायको दचकून म्हणाली, "आता काय बिघडलं?"