मासे नव्हे, दिवस विकणारी बेटं

दूध संस्थांचं ऑडिट करता करता मला एक खोड लागली आहे. कुठलाही करार हातात आला की आधी वाटतं, हे मोजणार कोण? परवा रात्री जेवताना भावोजींना प्रशांत महासागरातल्या बेटांचं सांगत होते. भावोजी गावच्या संस्थेत संचालक, त्यामुळे श्रोता पक्का.

नाऊरू २१ चौरस किलोमीटरचं. करवीर तालुक्याच्या एका कोपऱ्यात मावेल. किरिबातीची जमीन ८११ चौरस किलोमीटर, पण हक्काचा समुद्र सुमारे ३५ लाख, म्हणजे अख्ख्या भारतापेक्षा जास्त! त्यात टुना मासा. पकडायला येतात जपान, तैवान, कोरिया, अमेरिकेच्या मोठमोठ्या पर्ससीन, म्हणजे माशांचा थवाच जाळ्यात घेरणाऱ्या बोटी. पूर्वी प्रत्येक देश आपापला सौदा करायचा. एकानं दर वाढवला की बोटवाले शेजाऱ्याकडे जायचे. फी मिळायची माशांच्या किमतीच्या काही टक्के, आणि मासे किती धरले ते सांगणार बोटवालाच.

भावोजी म्हणाले, "म्हंजे वैनी, लिटर बी त्यानंच लिवायचं आन् फॅट बी त्यानंच लावायची?"

अगदी तेच. १९८२ मध्ये सात देशांनी नाऊरू करार केला: नाऊरू, किरिबाती, पलाऊ, मार्शल बेटं, मायक्रोनेशिया, सॉलोमन बेटं आणि पापुआ न्यू गिनी. तुवालू नंतर आलं, आठ झाले. खरी कलाटणी मात्र २००७ ची. तेव्हापासून ते मासेमारीचे दिवस विकतात. वर्षाचे एकूण दिवस आधी ठरवायचे, देशादेशांत वाटायचे, आणि ठरलेल्या दराखाली कुणी विकायचं नाही. हा किमान दर २०१२ मध्ये दिवसाला ५,००० डॉलर होता, २०१५ मध्ये ८,००० झाला. २०१० च्या आसपास साधारण ६ कोटी डॉलर असलेलं सगळ्यांचं मिळून उत्पन्न दहा वर्षांत ५० कोटींच्या घरात गेलं. बोट कुठं आहे ते उपग्रहावरून दिसतं, त्यामुळे दिवस लपवता येत नाही. मला सगळ्यात आवडलेलं कलम लांबीचं: ५० मीटरपेक्षा छोट्या बोटीचा दिवस अर्धा धरतात, ८० मीटरपेक्षा मोठीचा दीड. ज्यानं हे लिहिलं त्याला ऑडिट कळतं.

एकी म्हणजे गोडीगुलाबी नव्हे, हेही तिथं दिसतं. ही मंडळी ज्या मोठ्या संघटनेत आहेत, त्या पॅसिफिक आयलंड्स फोरममध्ये २०२१ साली महासचिवपदावरून फाटलं. या वेळी पाळी मायक्रोनेशिया भागाची (नुसता त्या नावाचा देश नव्हे, बेटांचा अख्खा पट्टा), असा तोंडी शब्द होता म्हणे. मतदान झालं ९ विरुद्ध ८, आणि पद गेलं कुक बेटांच्या हेन्री पुना यांच्याकडे. त्या भागातल्या पाच देशांनी फोरममधून बाहेर पडतो म्हणून जाहीर केलं. ते पाचही नाऊरू करारातले, तरी दिवसांची विक्री चालूच राहिली. पैसा ज्या हिशोबातून येतो, तो रुसव्याफुगव्यात कुणी मोडत नाही. आपल्या सभेत माईक ओढाओढी होते, 'मंजूर, मंजूर'चा गलका उठतो, तरी दुसऱ्या दिवशी सकाळी संकलन होतंच की.

२०२२ मध्ये सुवा इथं समझोता झाला आणि पाळीचं लेखी झालं. किरिबाती तरीही रुसून बाहेर गेलं, २०२३ मध्ये परत आलं. २०२४ पासून महासचिव आहेत नाऊरूचे माजी राष्ट्राध्यक्ष बॅरन वाका.

भावोजींनी ताटात हात धुतला आणि विचारलं, "अडीच-अडीच वर्षं का न्हाई वाटून घेतली?"