ससे सोडून मेंढ्या

मंगळवार, रात्री

बिअ‍ॅट्रिक्स पॉटरचा राग आलाय. 1943 साली गेलेल्या बाईवर आज चिडण्यात काही अर्थ नाही, एवढं मला कळतं. तरी आलाय, आणि संध्याकाळपासून हलत नाही.

भाचीला शाळेत 'आवडत्या लेखका'वर बोलायचंय. तिने हीच निवडली, पीटर रॅबिट नावाच्या सशाच्या गोष्टी लिहिणारी आणि त्यांची चित्रंही काढणारी. (मावशी घरचीच, तिला कोण निवडणार. असो.) माहितीसाठी फोन केला आणि मीही उत्साहाने भडाभडा सगळं सांगून टाकलं. शेवटी म्हटलं, मग लग्न झालं, पुस्तकं हळूहळू मागे पडली आणि ती मेंढ्या पाळायला लागली.

"सशांचा कंटाळा आला का तिला?"

आला असावा, म्हटलं.

"मग मावशी, तुला खारीचा नाही आला?"

मी हसले, "झोप आता" म्हणाले आणि फोन ठेवला. तेव्हापासून टेबलाशी बसलेय. समोर माझ्या खारीच्या सहाव्या चित्रपुस्तकाची डमी, म्हणजे कच्ची प्रत, आहे. चौथ्या पानापुढे कोरी.

कंटाळा कुणाला येत नाही? लिहायचंही आपणच आणि काढायचंही आपणच, म्हणजे कंटाळाही दोन्हीकडून येतो. त्याचं काही नाही. मला खुपतंय ते वेगळंच. त्या बाईला सोडताना काहीच कसं वाटलं नाही? पत्रातून तिने सरळ कळवून टाकलं होतं की या पुस्तकांना मी विटलेय, डोळेही थकलेत. रडारड नाही, आढेवेढे नाहीत. जगभरची मुलं उशाशी घेऊन झोपतात असा ससा हातात असताना माणूस इतक्या सहज उठून मेंढ्यांकडे कसं जातं?

बरं, तिची ही पहिली वेळही नव्हती. तिची रोजनिशी घ्या. पंधराव्या वर्षाच्या आसपास सुरू केलेली, स्वतः तयार केलेल्या सांकेतिक लिपीत, मुंगीएवढ्या अक्षरात. ती गेल्यावर लेस्ली लिंडर नावाचा माणूस त्या कागदांशी वर्षानुवर्षं झटत होता. 1958 साली त्याला एका ओळीत रोमन सोळा आणि 1793 हे आकडे दिसले. फ्रान्सचा राजा सोळावा लुई, त्याचा शिरच्छेद! त्या एका धाग्यावरून सगळी लिपी उलगडली आणि 1966 मध्ये रोजनिशी छापून आली. आत काय निघालं? प्रदर्शनात पाहिलेल्या चित्रांवरची फटकळ मतं, नातेवाइकांच्या गप्पा, राजकारण, पाळलेले प्राणी. एवढं कुलूप लावावं असं फारसं काहीच नाही. मला हे नेहमी फार आवडायचं. आज मात्र एवढंच दिसतंय की तिशीत तिने तीही वही बंद केली. पंधरा वर्षांची सवय, आणि बंद. मी इथे कधीच्या काळातल्या वह्या कपाटात कोंबून ठेवल्यात, एकही टाकवत नाही.

मग अळंबी. अळंब्यांची तिची जलचित्रं शेकड्यांनी आहेत, इंग्लंडमधल्या अँबलसाइडच्या आर्मिट संग्रहालयात ठेवलेली. 1967 मध्ये कवकांवरच्या एका पुस्तकात त्यातली निवडक छापलीही, म्हणजे नुसती सुंदर नव्हती, अचूकही होती. बीजाणू कसे रुजतात यावर तिने निबंध लिहिला. 1 एप्रिल 1897 ला लंडनच्या लिनियन सोसायटीत, म्हणजे निसर्गअभ्यासकांच्या संस्थेत, तो मांडला गेला, पण तो मांडायला ती नव्हती. बायकांना सभेत प्रवेशच नव्हता. नंतर निबंध मागे घेतला गेला, आणि आज तो सापडतही नाही. सोसायटीने दिलगिरी व्यक्त केली ती 1997 मध्ये, शंभर वर्षांनी. शंभर!

म्हणजे अळंबी तिने सोडली असं म्हणणं बरोबर नाही, तिला दारातच थांबवलं. आपण उठून जाणं वेगळं आणि उठवलं जाणं वेगळं. माझ्याकडेही किड्यांच्या चित्रांचा एक गठ्ठा आहे, खारीच्या आधीचा. 'मुलं घाबरतील' म्हणून परत आलेला. त्याबद्दल आज नको.

तर पुन्हा तिथेच. सशांना तर कुणी अडवलं नव्हतं. उलट त्यांच्यासाठी ती किती भांडली होती. गोष्ट मुळात पुस्तक म्हणून लिहिलेलीच नव्हती. ओळखीच्या घरातला नोएल नावाचा छोटा मुलगा आजारी होता, त्याला तिने 4 सप्टेंबर 1893 ला चित्रांचं पत्र पाठवलं. मुलाने ते जपून ठेवलं म्हणून बरं, कारण काही वर्षांनी पुस्तक करायचं मनात आलं तेव्हा तिने त्याच्याकडूनच ते उसनं मागून घेतलं. प्रकाशकांनी नकार दिले. तिला पुस्तक छोटं हवं होतं, छोट्या हातात मावणारं, आणि त्यावर ती अडून बसली. शेवटी डिसेंबर 1901 मध्ये स्वतःच्या खर्चाने 250 प्रती छापल्या. नंतर ऑक्टोबर 1902 मध्ये फ्रेडरिक वॉर्न कंपनीने रंगीत चित्रांसह काढलं, आणि मग मागे वळून पाहायला उसंतच नव्हती. तेव्हा ती 36 वर्षांची होती. मी 36 ची असताना अजून किडेच काढत होते.

पुढे 1905. प्रकाशकांच्या घरातल्या, तिची पुस्तकं पाहणाऱ्या नॉर्मन वॉर्नने लग्नाची मागणी घातली, घरच्यांचा विरोध असूनही तिने होकार दिला, आणि महिन्याभरात तो गेला. इथे मी दर वेळी पान उलटते.

त्याच वर्षी तिने उत्तर इंग्लंडच्या लेक डिस्ट्रिक्टमधल्या निअर सॉरी गावात हिल टॉप नावाची शेतवाडी घेतली. तिथलं घर, बाग, कोंबड्या, बदकं, सगळं पुस्तकांत उतरलं. 1913 मध्ये, 47 व्या वर्षी, विल्यम हीलिस या वकिलाशी लग्न केलं. आणि मग हर्डविक मेंढ्या. ही त्या डोंगराळ भागातलीच काटक जात. ती त्यांत इतकी मुरली की 1943 मध्ये हर्डविक पाळणाऱ्यांच्या संघटनेने तिला अध्यक्ष म्हणून निवडलं. पद हाती यायच्या आधीच ती गेली. गावात ती मिसेस हीलिस, आणि तेच तिला आवडायचं. असं सांगतात की एकदा पावसात ती डोक्याखांद्यावर गोणपाट घेऊन चालली होती, तर वाटेत भेटलेल्या एका भटक्याला ती आपल्यातलीच वाटली आणि तो तिच्याशी हवेबद्दल हळहळला. ती म्हणे यावर खूश झाली होती. मला कुणी भटकी समजलं तर मी घरी येऊन आरशासमोर रडेन.

एवढं लिहिलं आणि कपाटातून तिचं जाडजूड चरित्र काढलं. रागाला पुरावा हवा होता. मिळालं उलटंच.

एक तर जमीन आली कुठून? हिल टॉप घेतलं ते मुख्यतः पुस्तकांच्या पैशांवर, सोबत मावशीकडून वारशात आलेली रक्कम. म्हणजे सशांनीच मेंढ्या विकत घेतल्या! जाताना तिने नॅशनल ट्रस्टला, म्हणजे जुन्या वास्तू आणि निसर्ग जपणाऱ्या संस्थेला, चार हजार एकरांहून जास्त जमीन दिली, त्या जमिनीच्या मुळाशी तो निळ्या कोटातला ससा आहे. दुसरं, 1927 मध्ये विंडरमिअर तलावाकाठची जमीन बिल्डरांच्या हाती जाऊ नये म्हणून पैसे हवे होते, तेव्हा या विटलेल्या बाईने सशाची तीच जुनी चित्रं पुन्हा काढली. पन्नास. सही करून अमेरिकेतल्या वाचकांना विकली. साठी उलटलेली, डोळे थकलेले, आणि पुन्हा तोच कोट, तेच कान.

सोडलं कुठे मग? बाजूला ठेवलं होतं, गरज पडली तशी उचललं. त्यात तिला कमीपणा वाटला नाही आणि उमाळाही आला नाही. मी मात्र खार म्हणजे एकतर आयुष्याचं सार्थक, नाहीतर गळ्यातलं लोढणं, अशा दोनच टोकांना लोंबकळत बसलेय. खार बिचारी खार आहे. तिच्या पैशांतून विजेचं बिल जातं.

मला मेंढ्या नकोत. हेही आज पहिल्यांदाच नीट कळलं. तिच्याजवळ जायला दुसरं काहीतरी होतं, ते इतकं जोरात ओढत होतं की मागचं सुटताना दुखलं नसावं. माझ्याजवळ काय आहे? किड्यांचा गठ्ठा. तो उद्या उघडते. निदान वाळवी लागली नाही ना एवढं तरी पाहते. किड्यांच्या चित्रांना वाळवी, संपादकबाईंना यातच गोष्ट दिसेल.

आणि सहावं पुस्तक करायचंच आहे, करारावर सही झालीय. फक्त शेपटीचा एकेक केस काढणं आता जमत नाही, चष्म्याचा नंबर पुन्हा वाढलाय. ओल्या ब्रशने एकच फटकारा मारून पाहिला मघाशी, पाचव्या पानावर. बरा दिसतोय. कुणीतरी म्हणेलच की यंदा शैली फार मोकळी झालीय. म्हणू देत. डोळ्यांच्या डॉक्टरांचं नाव मी सांगणार नाही.