शंभराची नोट

बुधवार, रात्री उशिरा

ती नोट पाकिटात अजून तशीच आहे. जांभळट, मागे राणी की वाव, कोपऱ्याला हळदीचा डाग. आज रिक्षावाल्याशी सुट्ट्यांवरून भांडलो पण ती काढली नाही. रूममेट म्हणाला शंभर रुपड्यांचं एवढं काय, आणि खरंय, काय एवढं.

स्टार्टअप वीकेंडला गेलो होतो, म्हणजे अनोळखी लोकांची टीम करून एका वीकेंडमध्ये नवा धंदा उभा करून दाखवायची स्पर्धा. शुक्रवार संध्याकाळ ते रविवार रात्र, ५४ तास. (हा ५४ तासांचा साचा २००७ मध्ये अमेरिकेत बोल्डरला सुरू झाला, तेव्हापासून जगभर लोक वीकेंडची झोप स्वतःहून घालवतायत.) शुक्रवारी साठ सेकंदात आयडिया सांगायची, मग भिंतीवर स्टिकी नोट्स चिकटवून मतं. मला अकरा पडली, त्यातलं एक माझंच. ते सोडा.

आयडिया अशी की नव्या पेठेत मेस लावलेल्या पोरांनी दुपारी चारपर्यंत ॲपवर ‘येतोय’ किंवा ‘नाही’ दाबायचं, म्हणजे काकूंना कणिक किती मळायची ते कळेल, अन्न वाया जाणार नाही. शनिवारी मेंटर म्हणाला, इथे एसीत बसून काय करताय, बाहेर पडा, गिऱ्हाईकाला भेटा, आणि ‘छान आहे’ म्हणणाऱ्याला काही अर्थ नाही, तो खिशात हात घालतो का ते बघा. मग गेलो काकूंकडे. त्यांनी पोळ्या लाटता लाटता सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, “पोरगं ‘नाही’ दाबणार म्हणजे तो खाडा धरायचा ना? मग त्या दिवसाचे पैसे मी कापायचे?”

आम्ही एकमेकांकडे बघत बसलो. कारण असं की, न सांगता दांडी मारली तर खाडा मिळत नाही, पैसे तर आधीच घेतलेले असतात. म्हणजे जे पोरगं गुपचूप वडापाव खाऊन झोपतं, त्याच्यावर मेसचं थोडं तरी भागतं. आमचं ॲप एका हाताने कणिक वाचवणार आणि दुसऱ्या हाताने हेच पैसे काढून घेणार. आदल्या रात्री दोनपर्यंत आम्ही धंद्याचं गणित मांडायचा तो नऊ खणांचा तक्ता, कॅनव्हास, भरत होतो, त्यातल्या एकाही खणात हे नव्हतं.

आणि तेव्हा मी, मीच, म्हणालो, “ते बघतो काकू, काढू काहीतरी मार्ग. आत्ता फक्त पहिल्या महिन्याचे शंभर द्या.” त्यांनी हात पदराला पुसून डब्यातून नोट काढली. “सोमवारी चालू होईल ना रे?” हो हो काकू.

नोटेचा फोटो स्लाईडवर. ‘पेइंग कस्टमर: १’. टाळ्या. खाड्याचं स्लाईडवर नव्हतं, टीममधला जळगाववाला म्हणाला कुणी विचारलं तर बघू, कुणी विचारलं नाही. दुसरा नंबर आला, क्लाउड क्रेडिट (म्हणजे ऑनलाइन सर्व्हर फुकट वापरायची सोय) आणि चहा-कॉफीचा एक मग मिळाला. ॲप म्हणजे फिग्मा या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये काढलेले सहा स्क्रीन, त्यांच्या मागे काही नाही.

सोमवारी ग्रुपवर अंगठे आले, मग डिझाइनवालीचं ‘ऑफिस सुरू यार, वीकेंडला बोलू’, मग काहीच नाही. त्यांना ऑफिस आहे. मला... नोकरी सोडून पाच महिने होतील, आईला अजून, असो.

काकूंचा मिस्ड कॉल ४:१० चा आहे. चारचीच वेळ सांगितली होती आपण. मी फोनकडे बघत बसलो आणि तो वाजून थांबला.

खोटं तर बोललो नाही. पेइंग कस्टमर एक होता, होताच. चोरी म्हणावी तर त्यांनी हाताने दिले. मग हे नक्की काय टोचतंय? हरलो असतो तर सोमवारी जाऊन सांगून आलो असतो बहुतेक. तो बक्षिसाचा मग हातात घेऊन फोटो काढल्यावर जायला जड जातंय. तेही नाही. ४:१०. बाकी सगळ्यांनी तो वीकेंड वीकेंडसारखा घेतला, एक त्या सोडून.

गुरुवार

गेलो एकदाचा. त्याआधी कोपऱ्यावर उभं राहून दोन चहा झाले, दुसरा नको असताना.

म्हटलं काकू, ॲप नाही झालं, हे तुमचे पैसे. त्यांनी उधारीची वही काढली. दोन पोरांच्या नावांच्या मधे लिहिलं होतं, ‘ॲपवाला १००’. त्यावर रेघ मारली, नोट डब्यात टाकली. मग सहज म्हणाल्या, ग्रुपवर ते पोल का काय ते मी मागच्या वर्षी टाकून बघितलंय, ४१ पोरं, नऊ जणांनी उत्तर दिलं, त्यातले तिघं येतो म्हणून आले नाहीत.

मी म्हटलं मग तेव्हा सांगितलं का नाही? तर म्हणे, तुम्ही विचारलं कुठे, तुम्हीच तर बोलत होतात.

मला इतकं हसू आलं की त्यांना वाटलं काही झालं का ह्याला.

“जेवणार का? आज सात जण न सांगता गायब आहेत, भाजी उरलीय.”

जेवलो. दोडक्याची भाजी होती, मला आवडत नाही, तरी दोनदा घेतली. निघताना हात हलवून निघणार तेवढ्यात मागून आवाज आला, “गेस्ट थाळी एकशे दहा.” स्कॅन केलं, साउंडबॉक्सने अख्ख्या मेसला ऐकू जाईल असा आकडा सांगितला.