छोट्या ऑफिसचा फायरवॉल: पेटी ठरली, आता नियम

पंधरा-वीस संगणक, त्यातल्या एकावर टॅलीचा डेटा, सीसीटीव्हीचा डीव्हीआर, पाहुण्यांसाठी वायफाय आणि २०० एमबीपीएसची फायबर लाइन. अशा ऑफिसच्या फायरवॉलचं (ऑफिसचं नेटवर्क आणि इंटरनेट यांच्यामधला पहारेकरी) काम कुठवर आलंय, त्याची ही नोंद.

तयार पेटी की स्वतः जुळवलेली, यावर बराच खल झाला. तयार पेट्यांच्या माहितीपत्रकातल्या पहिल्या आकड्यावर जाऊ नका. फोर्टिगेट ४०एफ नुसता फायरवॉल म्हणून ५ जीबीपीएस देतो, आयपीएस (हल्ले ओळखून अडवणारी यंत्रणा) चालू केलं की १ जीबीपीएस आणि सगळं संरक्षण चालू असताना ६०० एमबीपीएस. २०० च्या लाइनला तेही भरपूर, पण तुलना करायची ती या शेवटच्या आकड्याची. सबस्क्रिप्शन संपलं की नव्या सिग्नेचर (हल्ल्यांच्या ओळखखुणा) येत नाहीत, म्हणून निदान तीन वर्षांचा खर्च एकत्र मांडा. नेटवर्ककडे बघणारं कुणीच नसेल तर सपोर्टसकट तयार पेटीच घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. इथे बघणारा माणूस आहे, म्हणून ओपीएनसेन्स, म्हणजे स्वतः जुळवलेल्या पेटीवर टाकायचं फायरवॉल सॉफ्टवेअर.

हार्डवेअर: इंटेल एन१०० चा बिनपंख्याचा मिनी पीसी, २.५ गिगाबिटचे चार पोर्ट, ८ जीबी रॅम, १२८ जीबीची एनव्हीएमई डिस्क. पोर्ट इंटेल आय२२६-व्ही चिपचेच आहेत ना, हे विकणाऱ्याकडून लेखी घ्या. ओपीएनसेन्स फ्रीबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमवर चालतं आणि तिथे रिअलटेकचे पोर्ट भार वाढला की त्रास देतात. वेगळ्या ड्रायव्हरचं प्लगइन मिळतं, पण नव्या खरेदीत ती डोकेदुखी कशाला? पेटी डीव्हीआरच्या डोक्यावर ठेवू नका, मे महिन्यात दोन्ही तापतील.

इन्स्टॉल करताना झेडएफएस ही फाइल सिस्टिम (डिस्कवर फाइल मांडायची पद्धत) निवडा. लाइट अचानक गेली तर यूएफएस ही दुसरी फाइल सिस्टिम बिघडण्याचा धोका जास्त. बायोसमध्ये वीज परत आल्यावर आपोआप चालू होण्याचा पर्याय लावा, नाहीतर कुणी बटण दाबेपर्यंत सगळं ऑफिस खोळंबतं.

खरा घोळ असतो वॅनच्या, म्हणजे इंटरनेटकडच्या बाजूला. बऱ्याच फायबर मोडेमचा पत्ता १९२.१६८.१.१ असतो आणि ओपीएनसेन्सच्या लॅनचाही (ऑफिसकडची बाजू) मुळात तोच. दोन्हीकडे एकच सबनेट (पत्त्यांचा गट), म्हणजे दिवे लागतात पण नेट चालत नाही. आधी लॅन १९२.१६८.१०.१ वर न्या, मग मोडेम ब्रिज मोडमध्ये (फक्त सिग्नल पुढे देणारा) टाकून पीपीपीओई, म्हणजे लाइनवरचं लॉगिन, फायरवॉलवर घ्या. एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) १४९२. काही साइट उघडतात आणि काही अर्ध्यावर लटकतात, असं झालं तर पहिला संशय एमटीयूवर घ्या. वॅनला १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता मिळाला तर लाइन सीजीनॅटमागे आहे, म्हणजे अनेक ग्राहकांचा बाहेरचा पत्ता एकच. बाहेरून व्हीपीएन (सुरक्षित खासगी जोडणी) जोडता येणार नाही, स्टॅटिक आयपी (कायमचा स्वतंत्र पत्ता) मागावाच लागेल. पेटी मागवण्याआधी एवढं तपासाच.

मॅनेज्ड स्विचवर तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) केले आहेत: १० ऑफिस, २० कॅमेरे, ३० पाहुणे. फायरवॉलला प्रत्येक व्हीलॅन हा एक इंटरफेस; नव्या इंटरफेसवर एकही नियम नसतो, म्हणजे सगळं बंद. नियम वरून खाली वाचले जातात, पहिला जुळेल तो लागू, आणि पॅकेट ज्या इंटरफेसवरून आत येतं तिथेच नियम लिहायचा. पाहुण्यांसाठी क्रम असा: आधी फायरवॉलच्या त्या व्हीलॅनमधल्या पत्त्यावर ५३ पोर्टला (डीएनएस, म्हणजे साइटच्या नावावरून पत्ता शोधणं) परवानगी, मग फायरवॉलचे सगळे पत्ते आणि खासगी नेटवर्क बंद, शेवटी बाकी सगळं खुलं. पहिले दोन नियम उलटे झाले की फोन वायफायला जोडलेला दिसतो, पण डीएनएसच मिळत नसल्यामुळे काहीच उघडत नाही.

डीव्हीआरला इंटरनेट पूर्ण बंद, वेळ फायरवॉलच्या एनटीपीवरून (घड्याळ जुळवणारी सेवा). त्याच्यासाठी पोर्ट फॉरवर्ड (बाहेरून आत थेट वाट) कधीही करू नका. जुनं फर्मवेअर आणि सोपा पासवर्ड घेऊन तो डीव्हीआर थेट जगासमोर उभा राहतो. घरून कॅमेरे बघायचे तर वायरगार्ड व्हीपीएन, यूडीपी पोर्ट ५१८२०.

उरलेलं काम: सुरिकाटा, म्हणजे ओपीएनसेन्समधलं आयपीएस. आयपीएस मोड पीपीपीओई इंटरफेसवर चालत नाही, म्हणून लॅनच्या मूळ पोर्टवर लावायचा. त्याआधी सीआरसी, टीएसओ आणि एलआरओ ही तिन्ही हार्डवेअर ऑफलोड (नेटवर्क चिपवर सोपवलेली कामं) बंद हवीत. पहिले काही दिवस फक्त इशारे, अडवणं नंतर. सर्ट-इन या सरकारी सायबर सुरक्षा संस्थेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांप्रमाणे लॉग १८० दिवस ठेवायचे आहेत, तेव्हा ते सिसलॉगने नासवर (नेटवर्कवरची साठवणीची पेटी) पाठवायची जोडणीही बाकी आहे.